घरात बसान केलेल्या एमबीएक कोण इचारता?

हा प्रश्न माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एका मुलीच्या काकांचा. ती २७ वर्षांची, वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखान्याचं ऑफिस ६ वर्षं सांभाळते. दूरशिक्षणातून एमबीए करायचं मनात होतं, काकांनी एका वाक्यात पाणी ओतलं. तिची स्वतःची धास्ती वेगळीच. "कॉलेजात ओळखी होतात, मॅडम. मी एकटीच पुस्तकं घेऊन बसणार."

काकांचं आधी उरकलं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. तिथे विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून खूश व्हायचं नाही, ज्या सत्रात प्रवेश घ्यायचा, त्यासाठी तिथल्या एमबीएलाही मान्यता हवी. अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. एवढं बोलणं होतं तोवर तिच्या पर्समधून पत्रक निघालं: 'एका वर्षात एमबीए', खाली नुसता मोबाइल नंबर. असल्या पत्रकाला ती भुलू नये म्हणून ते मी ठेवूनच घेतलं.

बरोबरी कागदावरची, हेही सांगितलं. कॅम्पस मुलाखतीतून मुंबईत मोठी नोकरी हवी असेल तर या वाटेवर भरवसा ठेवू नकोस.

"मुंबईला जायचंच नाही मला. आमचा काजूगर दुसऱ्यांच्या नावाने विकला जातो, तो आपल्या नावाने विकायचाय."

मग म्हटलं, फोन काढ. 'वाशी दलाल', 'टेम्पो बांदा', 'डबे कोल्हापूर', 'बी दोडामार्ग'... चाळीसच्या पुढे मोजायचं सोडून दिलं. आणि ही म्हणे ओळखी नाहीत! दलाल तुला कशासाठी ओळखतो, विचारलं. जरा लाजत म्हणाली, "माझी प्रतवारी कोणी परत मोजत नाही." ३२० नंबर म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर, २४० चा गर त्याहून मोठा. डब्यावर तिने नंबर लिहिला की वाशीत तो तसाच पुढे जातो. बाजारात याला पत म्हणतात. ती काही पदवीबरोबर टपालाने येत नाही.

कमी एवढीच होती, की दर आणि गाडी यापलीकडे ती त्यांच्याशी कधी बोललीच नव्हती. एमबीएच्या प्रकल्पाला गर आपल्या नावाने विकण्याचाच विषय घे म्हटलं. कारखान्याच्या कारकुनाला जे विचारता येत नाही, ते विद्यार्थ्याने विचारलं तर माणसं हौसेने सांगत बसतात. आणि संपर्कसत्रं, म्हणजे दूरशिक्षणातले प्रत्यक्ष वर्ग, बुडवू नकोस. बरेचजण बुडवतात, नोट्स मिळतात म्हणून. पण तिथे शेजारच्या बाकावर बँकेतला, एसटीतला, हॉटेलातला माणूस असतो, आणि तोही नोकरी सांभाळूनच आलेला.

जानेवारीत तिचा फोन आला. सत्रात मालवणचा एक होमस्टेवाला भेटला, पाहुण्यांना न्यायला पाव किलोची पाकिटं हवीत म्हणाला. मालकही तयार झालेत. "२४० देऊ की ३२०?" असं मलाच विचारत होती. मला त्यातलं काय कळतंय!