मागचे पाय सशासारखे टाकतो

प्रश्न : आमचा आठ वर्षांचा राखणीचा कुत्रा उठताना पुढच्या पायांवर जोर देतो, पळताना मागचे दोन्ही पाय एकदम टाकतो. घरातली दुखण्याची गोळी द्यावी का? (एक वाचक, काटोल तालुका)

उत्तर : गोळी अजिबात नको. माणसाची आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला, किडनीला घातक असते. दुखणं खुब्याच्या सांध्याचं दिसतं. तिथं ठणकलं की तो भार पुढे ढकलतो, मग मागच्या मांड्या वाळतात. चाचपून पाहा. फासळ्या बोटांना सहज लागत नसतील तर भाकर कमी करा. वजन उतरल्याशिवाय कोणतंही औषध पुरं पडत नाही. गुळगुळीत टाइल्सवर बारदाना अंथरा, सुटे धागे मात्र कापा, नखं अडकतात. वावरात दिवसभर हुंदडण्याऐवजी दोरीला धरून तीनदा दहा-दहा मिनिटं फिरवा. पाय फरफटू लागला तर मणक्याची शंका. त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या.