वहीतले आकडे

एप्रिल संपत आला की माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत एकच तक्रार निरनिराळ्या तोंडांनी येते. मूल घराबाहेर पडत नाही. शिबिराचे पैसे भरलेत, पण जात नाही. मित्र खालून हाका मारतात, तर खिडकीतूनच "नाही येत" म्हणतं. आईबाबांच्या मनात तोवर दोन उत्तरं तयार असतात, मोबाइल नाहीतर डिप्रेशन. पहिल्याचा राग येतो, दुसऱ्याची भीती वाटते. या दोन्ही उत्तरांत न बसणाऱ्या एका मुलाची गोष्ट सांगते. घरच्यांची परवानगी घेतली आहे, नावं आणि काही तपशील बदलले आहेत.

सोहम बारा वर्षांचा. प्रभादेवीला वन रूम किचनमध्ये आई, बाबा, आजी आणि गोट्या. गोट्या म्हणजे पॉमेरेनियन कुत्रा, तेरा वर्षांचा. सोहमच्या जन्माआधीपासून घरात असलेला. गोट्या नसलेलं घर सोहमने कधी पाहिलेलंच नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

बाबा वांद्र्यात वाढलेले, फुटबॉलवर जीव. पहिल्याच भेटीत त्यांनी नेव्हिल डिसोझांची आठवण काढली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा मुंबईचा खेळाडू, भारत ४-२ ने जिंकला, स्पर्धेत चौथा आला. वांद्र्यात त्यांच्या नावाचं मैदान आहे. "मॅडम, मी त्या गोष्टींवर मोठा झालो. हा मागच्या वर्षापर्यंत लेफ्ट बॅक खेळायचा, सकाळी मला उठवायचा. आता टर्फवरच्या शिबिराचे पैसे भरून ठेवलेत, सात ते नऊची वेळ आहे, उन्हाचा त्रास नको म्हणून. एक दिवस गेला. त्यानंतर उठतच नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतो."

आईने हळूच विचारलं, "हे डिप्रेशनच ना?"

मी सोहमशी एकट्याशी बोलले. मला वाटलं, टर्फवर कुणीतरी त्रास देत असणार. मोठी मुलं असतील किंवा प्रशिक्षक सगळ्यांसमोर बोलले असतील. त्याच दिशेने मी दोन भेटी घालवल्या. तो नम्रपणे उत्तरं देत राहिला. नाही, कोणी काही बोललं नाही. हो, खेळायला आवडतं. दर पाच-दहा मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. मुलं कंटाळली की घड्याळ बघतात, म्हणून मीही तो कंटाळाच समजले. ती माझी चूक होती.

एक मात्र खटकत होतं. आई सांगत होती की तो नीट जेवतो, आजीच्या गप्पांना हसतो, गोट्याशी तासन्‌तास बोलतो. नैराश्य आलं की मुलाचा रस सगळीकडूनच ओसरतो. जेवण, खेळ, माणसं, सगळंच बेचव होतं आणि ते दोन-दोन आठवडे हटत नाही. सोहमचा रस ओसरला नव्हता. तो सगळा एकाच जागी गोळा झाला होता.

तिसऱ्या भेटीच्या आदल्या दिवशी आईचा घाबऱ्या आवाजात फोन आला. गादीखाली वही सापडली होती. पानंच्या पानं आकडे. रात्रीच्या वेळा आणि त्यापुढे एकेक आकडा. ११.१० ला २४. ११.४० ला २३. १२.१५ ला २६. "फुटबॉलवर पैसे लावणारी ॲप असतात ना, तसलं काही असेल का हो?"

मी म्हटलं, वही आहे तिथे ठेवा, आणि ती पाहिलीत हे त्याला तुम्हीच सांगा. दुसऱ्या दिवशी तो आला तो डोळे लाल करूनच. वही स्वतः घेऊन आला होता. मी एवढंच विचारलं, "हे आकडे कसले आहेत, सांगशील?"

"गोट्याचे श्वास."

मग सगळं बाहेर आलं. मार्चमध्ये गोट्या खोकायला लागला, म्हणून बाबा त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. सोहम दाराशी उभा होता. डॉक्टर बाबांना म्हणाले, हृदय मोठं झालंय, झोपेत श्वास मोजत राहा, मिनिटाला तीसच्या वर जायला लागले तर लगेच घेऊन या. घरी येताना सोहमने विचारलं, गोट्याला काय झालंय? बाबा म्हणाले, "काही नाही रे, वय झालंय. तुला काय करायचंय? तू खेळाकडे लक्ष दे."

त्या दिवसापासून तो मोजत होता. बाबा मोजताना त्याला दिसले नाहीत, म्हणून त्याने ठरवलं की आता आपणच मोजायचं. रात्री सगळे झोपले की गोट्याच्या पोटावर नजर लावून बसायचा. शिबिराच्या पहिल्या दिवशी त्याच्या डोक्यात एकच विचार होता, मी इथे असताना तीसच्या वर गेले तर? दुसऱ्या दिवसापासून तो गेलाच नाही. माझ्या खोलीत घड्याळाकडे बघायचा तोही याचसाठी.

वहीत एका पानावर ११० हा आकडा होता, लाल पेनाने. मेमधल्या एका दुपारी, वीज गेलेली असताना मोजलेला. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकूनच तो अंग थंड करतो. मुंबईच्या दमट हवेत अशा वेळी धापा शंभरावर जातात, त्यात नवल नाही. तीसचा हिशोब फक्त शांत झोपेतल्या श्वासाचा. पण हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या दुपारी हा मुलगा ओला टॉवेल गोट्यावर धरून, आता हा मरणार, असं धरून दोन तास एकटा बसला होता. आजी शेजारच्या खोलीत झोपली होती. "उठवलं नाहीस?" म्हटलं, तर म्हणाला, "कुणाला माहीत नसायला हवं होतं ना."

या वाक्यापाशी मला थांबावंसं वाटतं. घरात एखादी गोष्ट मुलापासून लपवली की मूल ती ओळखतं आणि स्वतःला ती ठाऊक आहे हे आपल्यापासून लपवतं. आपण त्याचं ओझं हलकं केलं असं समजतो, आणि ते मात्र एकट्याने दुप्पट वाहत असतं. हंगेरीच्या मारिया नॅगी यांनी १९४८ साली मुलांच्या मनातल्या मृत्यूच्या कल्पनेवर अभ्यास प्रसिद्ध केला. नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना मरण कायमचं आणि अटळ असतं हे कळू लागतं, असं त्यात दिसलं. नंतरच्या अभ्यासांनी तर हे वय बरंच अलीकडे आणलं. बारा वर्षांच्या मुलाला "वय झालंय" म्हणून गप्प करता येत नाही.

पुढच्या वेळी मी बाबांना एकटं बोलावलं. वही समोर ठेवली. त्यांनी पानं उलटली, ११० वर बोट ठेवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लग्नानंतर वर्षभराने मीच त्याला आणला, शर्टाच्या आत घालून. मॅडम, मला स्वतःलाच ते तोंडाने म्हणवेना. ऑफिसात तरी काय सांगू, कुत्र्याचं हृदय मोठं झालंय म्हणून डोकं लागत नाही?"

केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाला 'डिसएन्फ्रँचाइज्ड ग्रीफ' असं नाव दिलं. ज्या दुःखाला आजूबाजूचे दुःख मानत नाहीत, ज्यासाठी रजा मिळत नाही की कोणी भेटायला येत नाही, ते दुःख. पाळलेलं जनावर जाणं त्यातलंच. बाप आणि मुलगा एकाच खोलीत, एकाच कुत्र्यासाठी, एकमेकांपासून लपून झुरत होते.

काय बोलायचं याची आम्ही अक्षरशः तालीम केली. देवाघरी जाईल, गावाला पाठवू, डॉक्टर त्याला झोपवतील, हे शब्द टाळायचे. "झोपवलं" ऐकून झोपायला घाबरू लागलेली लहान मुलं मी पाहिली आहेत. आजाराचं नाव घ्यायचं, तो बरा होणारा नाही हे सांगायचं, औषधाने त्रास कमी होतो हेही सांगायचं. आणि न पाळता येणारं वचन द्यायचं नाही. बाबांनी मुलाला डॉक्टरांकडे सोबत नेलं. त्या भल्या माणसाने दहा मिनिटं काढून कागदावर हृदय काढून दाखवलं. झडप नीट मिटत नाही, रक्त उलटं येतं, हृदय फुगतं, पुढे फुप्फुसात पाणी साचतं. लघवी जास्त होण्याचं औषध का देतात, तेही सांगितलं.

मग घरात पाळ्या लागल्या. दिवसातून दोनदाच मोजायचं, गोट्या गाढ झोपलेला असताना. दुपारी आजी, रात्री बाबा. सोहमकडे वही आणि सकाळचं फिरवणं. सहाच्या आत, रस्ता तापण्याआधी, तेही सावकाश आणि थोडंसंच. संध्याकाळी डांबरावर आधी पालथा हात ठेवून बघायचा. पाच-सात सेकंद ठेववला नाही तर गोट्याला उचलून घ्यायचं. रात्री सोहमने झोपायचं, हे सर्वात अवघड गेलं. पहिले चार दिवस तो बाबांच्या शेजारी बसून त्यांची मोजणी तपासत होता. तपासू दे, म्हटलं.

घराबाहेर पडण्याची सुरुवात मी फुटबॉलने केली नाही, कारण तिथे तो एकदा घाबरला होता. आईचं माहेर वरळी कोळीवाड्यात. मामा म्हणाला, ओहोटीला खडक उघडे पडतात, तिथले जीव दाखवायला नेतो. मामाचा हिशोब जुना आहे. तिथीचे पाऊणपट केले की भरतीची वेळ. द्वितीया असेल तर दोनाचे पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमारास भरती आणि सकाळी साडेसातच्या आसपास ओहोटी. पुनवेच्या किंवा अवसेच्या उधाणात पाणी सर्वांत लांब जातं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी फारसं ओसरत नाही तेव्हा, जाऊन उपयोग नाही. आकड्यांत जगणाऱ्या मुलाला हे इतकं आवडलं की त्याने वहीच्या मागच्या पानावर महिनाभराच्या वेळा काढल्या.

पहिल्या दिवशी पाऊण तासात त्याने घरी तीनदा फोन केला. आजीने तिन्ही वेळा आकडा सांगितला. पण माझ्याकडे आल्यावर तो पहिल्यांदाच न थांबता बोलला. शंखातला खेकडा स्वतःचा शंख बनवत नाही, रिकामा शोधतो, वाढला की मोठा शोधतो, म्हणून आपण रिकामे शंख खिशात भरायचे नाहीत. उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा, खाली कोणाचं तरी घर असतं. समुद्रफूल पाण्याबाहेर राहिलं की गोळा होऊन बसतं, चिखलाच्या गोळीसारखं. "हात नाही लावला मी. पाणी आलं की उघडतं, मामा म्हणाला." दुसऱ्या पंधरवड्यात एकच फोन केला.

ज्यांना असा मामा नाही, त्यांच्यासाठी सांगते, २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा गट मुंबईच्या किनाऱ्यांवर अशा फेऱ्या काढत आला आहे. घर न सोडणाऱ्या मुलासाठी फेरी हे चांगलं पहिलं पाऊल आहे. हार-जीत नसते, आणि पाणी परत येणार असल्यामुळे परतीची वेळ आधीच ठरलेली असते. मात्र मूल खात नसेल, आवडीचं सगळंच सोडलं असेल, मरणाची भाषा बोलत असेल, तर फेरीवर भागवू नका. तज्ज्ञाला भेटा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

मेच्या अखेरीस सोहम टर्फवर गेला. जाण्याआधी त्याने बाबांकडून एक कबूल करून घेतलं. काही झालं तर फोनवर सांगायचं नाही, खोटं सांगून बोलवायचं नाही, स्वतः यायचं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिला जोराचा पाऊस पडून गेल्याच्या सकाळी, बाबा टर्फच्या जाळीबाहेर येऊन उभे राहिले. सोहमने त्यांना बघितलं आणि चेंडू पायात असतानाच थांबला.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. तो रागावला, बाबांवर, माझ्यावर, फुटबॉलवर. मी घरी असतो तर, हे वाक्य कितीतरी वेळा आलं. "असतास तरी हृदय तेवढंच मोठं होतं," हे बाबांनी त्याला डॉक्टरांचा तो कागद पुढे ठेवून सांगितलं, प्रत्येक वेळी, न कंटाळता. एका काकांनी नवीन पिल्लू देऊ केलं. मी घरच्यांना म्हटलं, इतक्यात नको. गोट्याचं भांडं आजीने महिनाभर हलवलं नाही.

जुलैमध्ये तो वही घेऊन माझ्याकडे आला. शेवटचं पान उघडलं. त्यावर आजीच्या थरथरत्या अक्षरात वेळ आणि ४२ लिहिलं होतं.

"हा मी नाही मोजला," तो म्हणाला. "आजीकडे तेव्हा चष्मा पण नव्हता."

मी काही बोलले नाही.

"पण तिने त्याच्या पोटावर हात ठेवून मोजलं," तो म्हणाला. "म्हणजे बरोबर असणार."