मुलगी पहिल्यांदाच इव्हेंटिंगच्या स्पर्धेत उतरतेय, घरात घोड्यातलं कुणालाच काही कळत नाही, त्या दिवशी आम्ही नेमकं काय करायचं?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं की लेकीनं नाव देऊन टाकलंय, तुम्हाला घोड्यातलं ओ की ठो कळत नाही आणि दिवसभर तिथं नुसतं उभं राहायचं की काही हातभार लावायचा हे कुणी सांगत नाही. आमच्या घरी बायको आणि मुलगी दोघी या नादाला लागल्यात, मी आणि धाकटा त्यांचे बिनपगारी मोतद्दार, त्यामुळे खोगिरावर बसून नाही पण बादली धरून सांगू शकतो. घरच्यांची कामं तीन. घड्याळ बघणं, पाणी वाहणं आणि गप्प बसणं. तिसरं सगळ्यात अवघड, आणि त्याची किंमत मी एकदा मोजलीये, येतो त्यावर.

आधी खेळ थोडक्यात. ड्रेसाज (आखलेल्या चौकोनात घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करून घेणं), शो जंपिंग (पडणाऱ्या दांड्यांवरून उड्या) आणि क्रॉस कंट्री (मोकळ्या रानात घट्ट अडथळ्यांवरून दौड) असे तीन भाग, तिन्ही त्याच घोड्यावर त्याच स्वारानं करायचे. मुळात ही लष्करी घोड्यांची परीक्षा होती, घोडा हुकूम ऐकतो का, रानातून दौडतो का आणि एवढं करून पुन्हा कामाला उभा राहतो का. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे, सुरुवातीला फक्त लष्करी अधिकाऱ्यांसाठी होता, बाईमाणूस यात ऑलिंपिकला उतरली ती थेट १९६४ ला टोकियोत. आता बाई-पुरुष असा वेगळा गटच नाही, सगळे एकत्र खेळतात. आपल्याकडे २०१८ च्या जकार्ता एशियाडला फवाद मिर्झानं वैयक्तिक रौप्य मिळवलं तेव्हा चार दिवस पेपरात आलं होतं, मला हा शब्द तेव्हाच पहिल्यांदा कळला. मोठ्या स्पर्धा तीन-चार दिवस चालतात आणि तिथं शो जंपिंग शेवटी असतं. तुमच्या मुलीची एका दिवसाची असणार, त्यात बहुतेक वेळा आधी ड्रेसाज, मग शो जंपिंग आणि शेवटी क्रॉस कंट्री.

मार्क उलटे चालतात हे आधीच डोक्यात पक्कं करा, नाहीतर बोर्डासमोर उभं राहून माझ्यासारखं उगाच खूश व्हाल. ड्रेसाजमध्ये प्रत्येक हालचालीला दहापैकी मार्क, त्याची टक्केवारी काढायची आणि शंभरातून वजा करायची. म्हणजे ६६.५ टक्के मिळाले तर तुमच्या नावावर ३३.५ दंड. पुढच्या दोन भागांत तो फक्त वाढतो, कमी कधीच होत नाही. ज्याचा सगळ्यात कमी तो जिंकला.

आता दिवस. खरं म्हणजे तो आदल्या रात्रीच सुरू होतो. घोड्याच्या नालेत स्टड बसवायचे असतील (फुटबॉलच्या बुटाला असतात तसे, गवतावर घसरू नये म्हणून) तर नालेतली भोकं रात्रीच साफ करून त्यात कापूस कोंबून ठेवा. सकाळी मातीनं गच्च भरलेलं भोक खिळ्यानं उकरत बसलेला माणूस आणि वर पाय झटकणारा घोडा, हे दृश्य मी आतून बघितलंय. आयाळीच्या वेण्या पहाटे घालायच्या. आमच्याकडे बायको आधी टिंगूच्या म्हणजे पोनीच्या वेण्या घालते आणि मग लेकीच्या, आणि दोघांत टिंगू जास्त शांत उभा राहतो.

वेळेचा हिशेब उलटा करायचा. समजा ड्रेसाज ९ वाजून ४० ला आहे, तर त्याआधी अर्धा तास वॉर्म-अप, त्याआधी खोगीर, लगाम, स्टड, नंबरची बिब (अंगावर बांधायचा नंबर) यात अर्धा-पाऊण तास, त्याआधी नंबर आणायचा, घोडा गाडीतून उतरवून जरा फिरवायचा, की तुम्ही आठच्या आत तिथं पाहिजे. आमच्या घरातल्या दोघी दोन वेगवेगळ्या वर्गात, म्हणजे स्पर्धेच्या पातळीत, त्यामुळे एकीचं ड्रेसाज आणि दुसरीचं शो जंपिंग हमखास एकमेकांवर येतं. मी सगळ्या वेळा पेनानं मनगटावर लिहून घेतो. फोनवर पण असतात, पण एका हातात लगाम आणि दुसऱ्यात बादली असताना फोन कोण काढणार.

ड्रेसाज बघायला छान असतं पण समजायला वेळ लागतो. २० बाय ४० मीटरचा चौकोन, कडेला अक्षरं, ए नंतर के, ई, एच, सी, एम, बी, एफ, यात कसलाही क्रम शोधू नका, मी शोधून थकलो. तिथं फक्त हलायचं नाही. आमच्या धाकट्यानं एकदा अगदी कडेला उभं राहून प्लास्टिकच्या पिशवीतून खाऊ काढला, त्या चुरचुर आवाजानं टिंगूनं बाजूला अशी उडी मारली की जज बाईंनी त्या हालचालीला चार दिले. लेक पुढचे दोन तास भावाशी बोलली नाही. टाळ्या शेवटचा सॅल्यूट झाल्यावरच.

शो जंपिंग पटकन संपतं. दांडी पडली की ४, घोडा पहिल्यांदा अडला की ४, वेळ गेली की त्याचे वेगळे. इथं तुमचं काम इतकंच की तिच्या आधी किती जण राहिले ते मोजून सांगायचं.

दोन भागांच्या मध्ये तिला चालत जाऊन क्रॉस कंट्रीचा कोर्स बघायचा असतो, खरं तर दोनदा-तीनदा, आणि तुम्हालाही बरोबर जाता येतं. नक्की जा. अडथळे जवळून बघितल्यावर पोटात गोळा येईल पण तो तिला दाखवू नका. शो जंपिंगच्या दांड्या पडतात, हे ओंडके पडत नाहीत, घट्ट असतात. प्रत्येक अडथळ्याला दोन झेंड्या, लाल उजवीकडे आणि पांढरी डावीकडे ठेवून मधून जायचं. लेक तिथं पावलं मोजत चालते, माणसाची चार मोठी पावलं म्हणजे घोड्याची कँटरमधली (म्हणजे मध्यम दौडीतली) एक ढांग, साधारण साडेतीन मीटरच्या वर, दोन अडथळे जवळ असले की मध्ये किती ढांगा बसतील ते असं काढतात. मी बरोबर चालतो आणि पाण्याची बाटली धरतो.

मला कळलेली एक गोष्ट मात्र या कोर्स वॉकमध्ये तुम्हीसुद्धा करू शकता, घोड्यातलं काही न कळता. सावली बघा. गेल्या वेळी अकरा नंबरच्या अडथळ्याला झाडांच्या कडेला एक साधा ओंडका होता, सकाळी आम्ही चालत गेलो तेव्हा लख्ख उन्हात, लेक म्हणाली हा तर सोपा. तिची वेळ होती दुपारी तीनच्या पुढे. तोवर ऊन फिरलं, झाडांची सावली बरोबर ओंडक्यावर आणि त्याच्या पलीकडे, म्हणजे टिंगूला उजेडातून एकदम अंधारात उडी मारायची. उजेडातून अंधारात आल्यावर घोड्याच्या डोळ्यांना जुळवून घ्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, शिवाय नाकासमोर अगदी जवळचं त्याला दिसतच नाही, त्यामुळे लांबून जे दिसलं त्याच्या भरवशावर तो उडतो. टिंगूला लांबून दिसलं ते काळं भोक. तो अडला. पुढचे दोन्ही पाय रोवून, मान खाली, आणि लेक त्याच्या मानेवर आडवी, एक रिकीब सुटलेली. पडली असती तर तिथंच संपलं असतं, क्रॉस कंट्रीत स्वार पडला की बाद. पडली नाही. आयाळीला धरून मागे सरकली, वळवून चार ढांगा मागून परत आणला, पाय लावले आणि या वेळी गेला. अडल्याचे २०. त्याच अडथळ्याला दुसऱ्यांदा अडला असता तर आणखी ४०.

तर त्या दिवसाचा हिशेब असा झाला, ड्रेसाजचे ३३.५, शो जंपिंगला एक दांडी ४, अडल्याचे २० आणि वेळेचे ८.८. कोर्स १४०० मीटर, वेग मिनिटाला ३५० मीटर, म्हणजे बरोबर चार मिनिटं, तिला २२ सेकंद जास्त लागले आणि सेकंदाला ०.४. एकूण ६६.३, खालून दुसरी. (उलटही होतं बरं का, खालच्या वर्गात फार लवकर आलात तरी दंड असतो, पोरांनी उधळू नये म्हणून.) आणि ती घरी येईपर्यंत फक्त अकरा नंबरबद्दल बोलत होती, कसा दुसऱ्यांदा गेला ते.

आता गप्प बसण्याबद्दल. दोन वर्षांपूर्वी बायको तिच्या सतरा वर्षांच्या घोडीवर क्रॉस कंट्रीला होती, ड्रेसाजनंतर चक्क तिसरी. मी दोरीपाशी सात नंबरच्या अडथळ्याजवळ उभा. तिनं सात मारला, म्हणजे त्यावरून उडी घेतली, आणि आठ डावीकडे असताना ती उजवीकडे गेली. माझ्या डोक्यात एकच, आठ विसरली, नऊ मारला की बाद. मी हात करून जीव खाऊन ओरडलो, "अगं डावीकडे, आठ राहिला!" ती वळली, आठ मारला, पुढचं सगळं व्यवस्थित, वेळेत शेवट. आणि बोर्डावर तिच्या नावापुढे बाद. बाहेरून मदत घेतली म्हणून. फेन्स जज, म्हणजे अडथळ्यावरचे पंच, तिथंच खुर्ची टाकून बसलेले असतात, त्यांनी लिहिलं आणि ते बरोबरच होतं, नियमच आहे तसा, कोर्सवर असताना वाट दाखवणं, सल्ला देणं काही चालत नाही. त्यावर कडी म्हणजे बायको काही विसरली नव्हती. घोडी डाव्या अंगाला जरा ताठ आहे, म्हणून तिनं मुद्दाम उजवीकडून मोठा वळसा घेतला होता, कोर्स वॉकला तिनं मला ते सांगितलं पण होतं, मी तेव्हा बूट चिखलातून काढत होतो. घरी जाताना ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी तू बादलीपाशीच थांब." त्यापेक्षा रागावली असती तर परवडलं असतं.

त्यामुळे ओरडायचंच असेल तर अडथळा पार झाल्यावर "शाब्बास", बास. आणि समजा ती पडलीच, तर दोरी ओलांडून धावू नका. कठीण आहे, माहितीये. पण मागून दोन-तीन मिनिटांनी दुसरा घोडा सुटलेला असतो, फेन्स जजकडे वॉकीटॉकी असतो, ते कोर्स थांबवतात, डॉक्टरांना बोलावतात, आणि मधे आलेल्या आईबापांमुळे कामच वाढतं. ते हात करतील तेव्हा जा. तुमचं काम सकाळचं, हेल्मेट आणि बॉडी प्रोटेक्टर घट्ट बसलाय का बघा आणि दंडावरच्या मेडिकल पट्टीतलं कार्ड भरलंय का, कसली ॲलर्जी, कुठली औषधं. आमचं पहिल्या वेळी कोरं होतं.

शेवटची रेघ ओलांडल्यावर मात्र तुमची खरी ड्यूटी. ती उतरेल, हसेल नाहीतर रडेल, पण आधी घोडा. तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा सैल करा, खोगीर काढा, सावलीत न्या आणि मानेवर, छातीवर, पाठीवर, मागच्या पायांमध्ये गार पाणी ओतत राहा, थोडं चालवा, पुन्हा ओता. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं की स्नायू आखडतात असं तुम्हाला कुणीतरी जुना माणूस ठामपणे सांगेल. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी तिथल्या उन्हाळ्याची धास्ती घेऊन यावर भरपूर अभ्यास झाला आणि गार पाणी भरपूर ओतणं हेच घोड्याला लवकर थंड करतं असं ठरलं. पिऊ पण द्या. दाणा मात्र लगेच नको, श्वास जाग्यावर आला की आधी गवत. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं बाधलं तर कॉलिक म्हणजे जबर पोटदुखी होते आणि ती जिवावर बेतते.

पोनी वाफा सोडत उभा असेल, हाताचा तळवा त्याच्या छातीवर ठेवून बघा, गरम लागतोय तोवर ओतायचं थांबू नका. धाकट्याला आम्ही हेच काम दिलंय, तो दर दोन मिनिटांनी हात लावतो आणि "अजून" म्हणतो. आणि बादल्या दोन न्या, एक ओतायची, एक प्यायची, त्यांची अदलाबदल करू नका, साबणाचा वास आला तर टिंगू तोंड लावत नाही.