सालामान्काला निघण्याआधी

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

स्पॅनिश शिकायला स्पेनमधलं सालामान्का निवडलंस ते मला मनापासून आवडलं. १२१८ पासून विद्यापीठ असलेलं शहर, त्यामुळे अडखळत बोलणारे विद्यार्थी तिथल्या लोकांना नवे नाहीत. बार्सेलोनात कॅटलान ही तिथली भाषाही सतत कानावर पडते; नवशिक्या कानाला सालामान्कात तेवढी ओढाताण नाही.

शाळेला पैसे भरण्याआधी दोनच गोष्टी विचार. आठवड्याच्या वीस तासिका, पण एक तासिका किती मिनिटांची? आणि एका वर्गात जास्तीत जास्त किती जण? स्पॅनिशचा प्रसार करणाऱ्या इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस या स्पेनच्या सरकारी संस्थेची मान्यता असेल तर उत्तम.

पहिल्या सोमवारी बहुधा पातळी ठरवणारी चाचणी होईल. तू पुस्तकातून व्याकरण पुष्कळ केलं आहेस, म्हणून कागदावर बी१ या मधल्या पातळीत बसशील आणि बोलताना तिच्या खालच्या ए२ लाच अडकशील. तसं वाटलं तर संकोच न करता खालचा वर्ग माग, तोही पहिल्या एक-दोन दिवसांतच. त्यात कमीपणा नाही. जिथे तोंड उघडतं, तोच आपला वर्ग.

मला खरी काळजी वाटते ती मधल्या सुट्टीची. वेगवेगळ्या देशांची मुलं एकत्र आली की सगळी इंग्रजीवर येतात, आणि सकाळी शिकलेलं तिथेच विरतं. म्हणून खोली भाड्याने न घेता कुटुंबात राहा, आणि घरात दुसरा इंग्रजी बोलणारा विद्यार्थी नको असं शाळेला आधीच लेखी कळव. दुपारचं जेवण तिकडे दोन-तीनच्या सुमारास, रात्रीचं नऊनंतर. जेवण झाल्यावरही माणसं टेबलाशी गप्पा मारत बसतात. कितीही थकलीस तरी त्या वेळी खोलीत जाऊ नकोस. सकाळी वर्गात भूतकाळ झाला असेल तर दुपारी काल काय काय केलंस ते त्यांना सांग. मात्र एक कर: ‘आज फक्त भूतकाळाच्या चुका सुधारा’ असं आधी सांगून ठेव. नाहीतर सौजन्यापोटी ते सगळ्याच चुका सोडून देतील, आणि सगळ्याच सुधारल्या तर तुझं बोलणं खुंटेल.

मनातल्या मनात इंग्रजीवरून स्पॅनिशकडे जाऊ नकोस, मराठीवरून जा. ‘मला आवडतं’ ही आपली रचना स्पॅनिशमध्ये जवळजवळ तशीच आहे. लिंगाप्रमाणे विशेषण बदलणं आपल्याला जन्मापासून येतं. त, प, क यांचे उच्चारही आपल्याकडे तयार आहेत. इंग्रजीभाषक त्यांत नकळत हकार मिसळतात. कष्ट घ्यावे लागतील ते क्रियापदांच्या रूपांवर, विशेषतः इच्छा आणि शंका व्यक्त करणाऱ्या सुब्खुन्तिवोवर. तिथे रोज थोडं पाठांतर हवंच, त्याला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

तीन महिन्यांहून अधिक राहायचं ठरलं तर विद्यार्थी व्हिसा लागेल. युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या ९० दिवसांच्या शेंगेन व्हिसावर ते जमणार नाही. कागदपत्रांना वेळ लागतो, तेव्हा लवकर हालचाल कर.

देले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेची घाई नको. तिचं प्रमाणपत्र कायमचं असतं, सिएले या दुसऱ्या परीक्षेचं पाच वर्षांचं. दोन महिने त्या घरात राहा, मग पातळी ठरव. नोंदणी परीक्षेच्या बऱ्याच आधी बंद होते, एवढी तारीख मात्र आत्ताच बघून ठेव.

तुझी,
मावशी