फिनिश ‘साता’ आणि संस्कृत ‘शत’

प्रश्न असा: फिनिशमध्ये शंभराला ‘साता’ म्हणतात (दोन्ही ‘आ’ आखूड). तो ‘शत’च्या इतका जवळ कसा? फिनिश संस्कृतातून निघाली का?

नाही. फिनिश उरालिक कुळातली. एस्टोनियन तिची सख्खी बहीण, हंगेरियन लांबची. भाषांचं नातं नुसत्या साम्यावरून ठरत नाही, ध्वनींचा हिशोब नियमाने जुळावा लागतो. फिनिशमध्ये मासा ‘काला’, हंगेरियनमध्ये ‘हॉल’. तीन म्हणजे ‘कोल्मे’ आणि ‘हारोम’. आ, ओ, ऊ यांच्या आधीच्या ‘क’च्या जागी हंगेरियनमध्ये ‘ह’. पण ए, ईसारख्या स्वरांआधी ‘क’ टिकतो: हात ‘कॅसी’ आणि ‘केझ’.

‘साता’ मात्र उसना आहे, आणि तो कुठून आला हे त्याच्या अंगावरच दिसतं. संस्कृत ज्या कुळातली, त्या इंडो-युरोपीय कुळाच्या मूळ शब्दात आरंभी ‘क’सारखा ध्वनी होता आणि मध्ये अनुनासिक. लॅटिन ‘केन्तुम’ने दोन्ही राखले. बाल्टिक शाखेतल्या लिथुआनियन ‘शिम्तास’मध्ये ‘क’चा ‘श’ झाला, पण ‘म’ टिकला. इंडो-इराणीत, म्हणजे संस्कृत आणि इराणी भाषांच्या शाखेत, ‘क’चा ‘श’ झालाच, शिवाय अनुनासिक जाऊन नुसता ‘अ’ उरला. फिनिश शब्दात हे दोन्ही बदल आधीच झालेले आहेत, म्हणून शेजारच्या बाल्टिक किंवा जर्मानिक भाषा बाद होतात. हंगेरियन ‘साझ’सुद्धा इंडो-इराणीतूनच आलेला. ही देवघेव भारतात झाली नाही. साधारण चार हजार वर्षांपूर्वी, व्होल्गा आणि उरलच्या परिसरातली ती गोष्ट, आणि देणारी भाषा संस्कृत नव्हे, तिची पूर्वज.

शब्द उसना असला तरी त्याला घरचेच नियम लागतात. ‘शंभराचा’ म्हणायचं तर ‘साता’चं ‘सादान’ होतं, ‘त’चा ‘द’ होऊन. रस्त्याला ‘कातु’, पण रस्त्यावर ‘कादुल्ला’. आपल्या सामान्यरूपाची आठवण येईल. नकारही ओळखीचा वाटेल: ‘एन तुले’ (मी येत नाही), ‘एत तुले’ (तू येत नाहीस), ‘एइवॅत तुले’ (ते येत नाहीत). नकाराचा शब्दच पुरुष आणि वचनाप्रमाणे बदलतो. ही साम्यं स्वतंत्रपणे घडलेली आहेत, त्यांच्यावरून नातं जोडू नये.

त्याच संपर्कातले आणखी शब्द आहेत. हातोड्याला ‘वासारा’ म्हणतात, तो ‘वज्र’चा भाऊ. गुलामाला ‘ओर्या’. हा ‘आर्य’शी जोडला जातो, आणि या अर्थाचं स्पष्टीकरण म्हणून पकडून आणलेल्या माणसांच्या जमातीचं नावच पुढे गुलामाला पडलं असावं, असा तर्क केला जातो.