नोकरी सांभाळून सीएफए लेव्हल १ ची तयारी कशी करावी?

आधी हिशेब मांडा. सीएफए म्हणजे चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट, गुंतवणूक क्षेत्रातली परीक्षा; लेव्हल १ हा तिचा पहिला टप्पा. ती घेणारी सीएफए इन्स्टिट्यूट साधारण ३०० तासांचा अभ्यास सुचवते. नोकरी करत आठवड्याला १२ तास निघाले, तरी सहा महिने लागतात. त्यामुळे परीक्षेची तारीख त्यानुसारच निवडा.

पेपरात १८० प्रश्न आणि २७० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. नुसतं वाचून हा वेग येत नाही, घड्याळ लावून प्रश्न सोडवावेच लागतात. शेवटचा महिना तर पूर्ण सराव परीक्षा आणि चुकांची वही यांनाच द्या.

परवानगी असलेला कॅल्क्युलेटर पहिल्या दिवसापासून वापरा. मी माझ्या बीए टू प्लस कॅल्क्युलेटरवर एकदा 'बीजीएन' (बिगिनिंग, म्हणजे सुरुवात) मोड तसाच चालू ठेवला. हप्ते वर्षाच्या शेवटाऐवजी सुरुवातीचे धरले गेले, सगळी उत्तरं थोडी थोडी चुकली, आणि ती चुकीची उत्तरं नेमकी पर्यायांत होती! तेव्हापासून स्क्रीनवरची ती बारीक अक्षरं आधी बघतो.

एथिक्सला, म्हणजे व्यावसायिक नीतिमत्तेच्या विषयाला, १५ ते २० टक्के वजन आहे. ते शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. त्यातले पर्याय फार जवळजवळचे असतात.