साडेतेरा हजारांचा हेडफोन, नऊ हप्ते आणि कापलेले दहा टक्के

प्रश्न: मी परभणीला राहते, वय २९. घरून ट्रान्सक्रिप्शनचं काम करते, म्हणजे मुलाखती आणि बैठकांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करून देते. रोज सहा तास तरी कानात इअरफोन असतो. हल्ली कान खाजतो, कधी आतून ओलसर वाटतो, म्हणून कानावर बसणारा हेडफोन घ्यायचा आहे. एक वायरलेस पसंत पडलाय. किंमत १३,५००, यजमानांच्या कार्डवर ‘नो कॉस्ट’ ईएमआय, १,५०० चे नऊ हप्ते. रोखीत तोच १२,४०० ला मिळतोय. काम भरपूर असलं की महिन्याला १४ हजार सुटतात, नसलं की साडेसहा. दोन एजन्सी आहेत. मोठी एजन्सी दहा टक्के कापूनच पैसे देते. गेल्या वर्षी त्यांचं बिल ८४ हजारांचं झालं. पैसे कधी महिन्यानं येतात, कधी दोन महिन्यांनी. यजमानांचा पगार १८ हजार, घरखर्च १९-२० हजार. बाजूला ३१ हजार ठेवलेत. हजाराची भिशी आहे, नंबर दिवाळीत लागेल. लिलावात आधी उचलावी का, असंही मनात आहे. सासूबाई म्हणतात, एवढ्या पैशात कानातले झाले असते. काय करू?

उत्तर:

ताई, आधी कान. कान ओलसर वाटत असेल तर हेडफोन बघायच्या आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. सिव्हिल हॉस्पिटलला दाखवलंत तर फारसा खर्च येणार नाही. तोवर आत घालायचा इअरफोन बंद. कानावर बसणारा हेडफोन आत जात नाही, हा त्याचा फायदा खराच. पण म्हणून तो औषध होत नाही.

घ्यायचा की नाही, यावर मी वेळ घालवत नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईला मशीन लागतं तसा तुम्हाला हेडफोन लागतो. (सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि सोन्याच्या आजच्या भावात साडेतेरा हजारांत कानातले कोणता सोनार देतो तेही विचारून ठेवा.) प्रश्न आहे तो कितीचा घ्यायचा आणि पैसे कुठून काढायचे, एवढाच.

हप्त्याचं आधी निपटवू. रोखीत १२,४०० ची वस्तू नऊ हप्त्यांत १३,५०० ला पडते, मग ‘नो कॉस्ट’ कसलं? वरचे अकराशे हेच व्याज, फक्त नाव बदललंय. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असा प्रकारच नसतो. त्यात कार्डवाले प्रोसेसिंग फी लावतात. १९९ रुपये धरली तर १८ टक्के जीएसटीसकट २३५ झाली. हे सगळं धरून हिशेब केला तर कर्ज वर्षाला २५ टक्क्यांच्या घरात जातं. व्याजाच्या भागावरही जीएसटी लागतो, तो मी धरलेलाच नाही. हप्त्याची तारीख ठरलेली आणि तुमच्या एजन्सीला तारीख माहीतच नाही, हे दुखणं तर याहून मोठं. साडेसहा हजारांच्या महिन्यात दीड हजारांचा हप्ता म्हणजे कमाईतला जवळजवळ चौथा हिस्सा. तो चुकला तर दंड आणि व्याज आहेच, वर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब होईल ती यजमानांची. उद्या घरासाठी किंवा गाडीसाठी कर्ज काढायचं झालं तर ते आडवं येईल.

३१ हजारांनाही हात लावू नका. महिन्याला १९-२० हजार खर्च असणाऱ्या घरात ती दीड महिन्याची शिदोरी झाली. मी किमान तीन महिन्यांची सांगतो.

मग पैसे कुठून? तुमच्याच पत्रातून. एजन्सी दहा टक्के कापते हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, माझी नजर मात्र तिथेच अडली. ते कमिशन आहे की टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर), हे बघितलंत का? इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तुमच्या पॅननं लॉगिन करून फॉर्म २६ एएस उघडा. तिथे एजन्सीचं नाव आणि कापलेली रक्कम दिसली तर तो टीडीएस, म्हणजे तुमच्या नावानं सरकारजमा झालेला पैसा. ८४ हजारांवर दहा टक्के म्हणजे ८,४०० रुपये. तुमचं वर्षाचं उत्पन्न करमर्यादेच्या कितीतरी खाली आहे, त्यामुळे रिटर्न मुदतीत भरलं की हे सगळे पैसे परत मिळतात. रिटर्न भरल्याशिवाय मात्र कोणी आपण होऊन पाठवत नाही. पगारदारांचा एक नंबरचा फॉर्म तुम्हाला चालणार नाही. तुमचं काम स्वतंत्र व्यवसायात मोडतं, बहुतेक चार नंबरचा लागेल. गावातल्या टॅक्सवाल्याकडून भरून घ्या, आणि पोर्टलवर बँक खातं व्हॅलिडेट झालंय ना ते बघा, नाहीतर रिफंड अडकतो. २६ एएसमध्ये काहीच नसेल तर एजन्सीला लेखी विचारा की हे दहा टक्के कशाचे. टीडीएस म्हणून कापून भरलेच नसतील तर गोष्ट वेगळी, आणि ती हेडफोनपेक्षा मोठी.

आता कितीचा. माझा एक साधा नियम आहे: अनियमित कमाई असलेल्यानं एका अवजारावर मंदीच्या एका महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त घालू नये. वस्तू अंगावर पडली तरी एका वाईट महिन्याच्या कष्टात वसूल व्हावी. तुमच्यासाठी तो आकडा साडेसहा हजार. तुमच्या कामाला त्याहून महाग लागतही नाही. माणसाचा कान २० ते २०,००० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं) ऐकतो, डब्यावर ४०,००० लिहिलेलं असतं. आणि जुन्या पद्धतीच्या फोन कॉलमध्ये आवाज येतो तो जेमतेम ३०० ते ३,४०० हर्ट्झचा. मागे ट्रॅक्टर चालू असताना कुणीतरी मोबाइलवर घेतलेली शेतकऱ्याची मुलाखत कितीही महागड्या हेडफोनमधून ऐकली तरी ट्रॅक्टर जात नाही. तुम्हाला हवा तो बोलण्यातला स्पष्टपणा: ‘स’ आणि ‘श’, ‘त’ आणि ‘थ’ वेगळे ऐकू आले पाहिजेत. धमधम बास असलेले मॉडेल नेमकं हेच झाकतात.

वायरलेस नको, वायरचा घ्या. तुमचं काम चालू-बंद, पाच सेकंद मागे, पुन्हा चालू असं असतं. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा मागून येतो आणि पुन्हा चालू करताना बऱ्याचदा पहिलं अक्षर गिळलं जातं. बॅटरी दोन-तीन वर्षांत मंदावते, आणि बहुतेक मॉडेलांत ती बदलून मिळत नाही. लाईट गेली तरी वायरच्या हेडफोनला चार्जिंग लागत नाही, हे परभणीत राहणाऱ्याला मी वेगळं सांगायला नको.

यात सगळ्यात जास्त बघायचं ते पॅड आणि वायर सुटी मिळते का. पहिल्यांदा याच दोन गोष्टी जातात. सेनहायझरचा एचडी २५ हा १९८८ पासून निघतो, आजही डीजे आणि रेडिओवाले वापरतात, कारण त्याचा एकेक भाग वेगळा विकत मिळतो. तुम्ही तोच घ्या असं नाही. पण ज्याचे पॅड भारतात सुटे मिळत नाहीत तो स्वस्तातही महागच. डब्यावर ओहम (हेडफोनचा विद्युत रोध) बघा. ३२ ते ७० च्या आसपासचा लॅपटॉपवर नीट वाजतो. २५० ओहमचा घेतलात तर आवाज दबका येईल आणि वेगळा अँप्लिफायर घ्यायची वेळ येईल.

उघड्या जाळीचे हेडफोन हलके असतात, घाम कमी येतो, दारावरची बेल आणि कुकरची शिट्टीही ऐकू येते. तरी तुम्हाला मी बंद कपाचाच सांगेन. एक तर मुलाखती खासगी असतात, उघड्यातून शेजारी बसलेल्यालाही शब्द कळतात. आणि दुसरं, कूलर. एप्रिल-मेमध्ये खोलीत कूलर घुमत असतो, त्यावर मात करायला माणूस नकळत आवाज चढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्या माणसांसाठीचं माप आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला दहाच. तुमचे सहा दिवस गुणिले सहा तास म्हणजे ३६. तुम्ही आधीच काठावर आहात. त्यामुळे टेबल कूलरपासून लांब न्या, कूलर शक्य असेल तर खिडकीबाहेर बसवा, आणि हेडफोनचा आवाज सकाळी शांततेत ठरवाल तोच दिवसभर ठेवा. ऐकू येत नसेल तर आवाज चढवण्याऐवजी रेकॉर्डिंगचा वेग कमी करा. त्याची मोफत सॉफ्टवेअर आहेत.

चष्मा असेल तर दुकानात चष्मा लावूनच बसा. कानावरचा हेडफोन चष्म्याची काडी कानामागे दाबतो, आणि ते पाच मिनिटांत कळत नाही, वीस मिनिटांनी ठणकायला लागतं. नांदेडला किंवा संभाजीनगरला कॅनॉटच्या बाजारात काही कामानं जाणं झालं तर बघून या. फक्त यासाठी दिवसाचं काम बुडवू नका. मोबाइलमध्ये तुमचं सगळ्यात वैताग आणणारं रेकॉर्डिंग न्या आणि तेच लावून बघा, दुकानदाराचं गाणं नको. ऑनलाइन घेणार असाल तर ‘बदलून मिळेल’ आणि ‘परत घेऊ’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ते आधी वाचा. बिल स्वतःच्या नावानं घ्या.

नवा हेडफोन घट्ट बसतो. रात्री त्याच्याच डब्यावर ताणून ठेवला की चार-आठ दिवसांत सैलावतो. हातानं वाकवायला गेलात तर बिजागरी तुटेल. उन्हाळ्यात रेक्झिनचे पॅड घामानं सोलतात, काम संपलं की कोरड्या कापडानं पुसा. वायर पिन धरून काढा. आणि तासाभरानं पाच मिनिटं तरी कान मोकळे करा.

रिफंड यायला वेळ लागेल. तोवर अगदीच अडत असेल तर हजार-बाराशेचा साधा, वायरचा हेडफोन घेऊन काम चालू ठेवा. पुढे तो लेकराबाळांच्या अभ्यासाला किंवा यजमानांना होईल. भिशी लिलावात उचलू नका. आधी उचलण्यासाठी जी सूट द्याल ती सरळ तुमच्या खिशातून जाते. दिवाळीत नंबर लागला की ती रक्कम त्या ३१ हजारांत टाका, आणि दोन्ही एजन्सींना या महिन्यापासून बिलावर ‘३० दिवसांत देय’ असं छापून पाठवायला लागा.